सोलापूरहून रत्नागिरीच्या जुन्या भागात राहायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडून गेला की सोलापुरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात: कूलरच्या वाळ्याची खरेदी आणि ‘समुद्राकाठी कुठंतरी जाऊन राहू या की’ ही भाषा. पहिला पाऊस पडला की दोन्ही विसरल्या जातात. काही जण मात्र विसरत नाहीत. निवृत्ती जवळ आलेली असते, मुलं पुण्याला स्थिरावलेली असतात किंवा काम घरून करता येण्यासारखं असतं. असे लोक मला फोन करतात, कारण मूळ जुळे सोलापूरचा असलो तरी माझं बिऱ्हाड सध्या रत्नागिरीच्या जुन्या भागात आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

समुद्रच हवा तर रत्नागिरीच का? अलिबाग, गोवा का नाही?

अलिबागचा भाव मुंबईकरांनी शनिवार-रविवारच्या बंगल्यांपायी ठरवून टाकलाय. गोवा दुसरं राज्य, म्हणजे गाडीच्या नंबरापासून सगळी कागदपत्रं नव्यानं. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण आहे, इंग्रजी अमदानीपासून. कचेऱ्या, कोर्ट, कॉलेज, बाजार, एसटीचं मोठं आगार हे सगळं तिथं पर्यटकांशिवायही चालतं. पर्यटक गणपतीपुळ्याला जातात, गाव आपलं आपल्यापुरतं जगत राहतं. राहायला जाणाऱ्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात सोयीची. शिवाय रस्ता सरळ आहे. राष्ट्रीय महामार्ग १६६ मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत रत्नागिरीला जाऊन टेकतो.

‘जुना भाग’ म्हणजे नक्की कुठला?

स्टेशनकडून शहरात शिरताना कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, नाचणे असा जो पट्टा लागतो, ते नवं रत्नागिरी. इमारती, लिफ्ट, पार्किंग, सगळं ओळखीचं. आपल्या होटगी रोडवर राहिल्यासारखंच वाटेल. जुनं गाव सुरू होतं ते जयस्तंभावरून खाली उतरल्यावर. राम आळी आणि गोखले नाक्याची बाजारपेठ, टिळक आळी, वरची आळी, खालची आळी, झाडगाव, मग मांडवी, पेठकिल्ला, मुरुगवाडा आणि मिरकरवाडा बंदर. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी राजिवडा. खाडीवरच्या उंच टेकाडावर थिबा राजवाडा.

आपल्या साखर पेठ, बुधवार पेठेशी तुलना करू नका. आपल्या पेठांत भिंतीला भिंत लागून घरं असतात. इथं आळीतसुद्धा दोन घरांच्या मध्ये माड, पोफळी, एखादा फणस आणि चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असतो. बाजारापासून चार पावलांवर आपण एखाद्या वाडीत शिरलो असं वाटतं, आणि शहर आहे हे रिक्षाच्या हॉर्ननं कळतं.

त्या भागाचं एवढं काय कौतुक? चार जुनी घरंच ना?

घरं जुनी आहेतच, पण त्या गल्ल्यांतून जे घडलंय ते चालत फिरून बघण्यासारखं आहे आणि सगळं एका संध्याकाळच्या टप्प्यात आहे. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. २३ जुलै १८५६ चा जन्म. कौलारू, दुमजली, माडांच्या सावलीतलं घर. आत जायला काही मोठी रांग नसते. तिथून बाजाराच्या अंगानं गेलं की पतितपावन मंदिर. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी आपल्या पैशानं बांधलं, सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं. त्यामागची प्रेरणा सावरकरांची. ते तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. मंदिर प्रवेशाचा वाद त्या काळात देशभर चालू होता, हे लक्षात घेऊन त्या सभामंडपात दहा मिनिटं बसलात तर एका लहान बंदराच्या गावात काय घडलं त्याचा अंदाज येतो. आपणही १९३० सालच्या मार्शल लॉच्या गावचे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही फाशी गेलेल्यांची नावं ज्याच्या कानावरून लहानपणीच गेलीत, त्याला असल्या गावात परकं वाटत नाही.

आणि थिबा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं. इतक्या लांब, कारण इथून पळून जाणार कुठं! खाली खाडी, पुढं समुद्र, मागं सह्याद्री. राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला. समाधीही शहरातच आहे. लाल रंगाची ती इमारत, अर्धगोल लाकडी खिडक्या, त्यातल्या रंगीत काचा. आत आता संग्रहालय आहे. राजवाड्यापेक्षा मला तिथून दिसणारी भाट्याची खाडी जास्त आवडते. थिबाला ती रोज दिसत असणार आणि बहुधा आवडत नसणार.

रत्नदुर्ग किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ, एका टोकाला दीपगृह. किल्ल्याच्या एका अंगाला ‘काळा समुद्र’, म्हणजे मांडवीची काळसर वाळू. दुसऱ्या अंगाला ‘पांढरा समुद्र’. एकाच गावात दोन रंगांच्या वाळूचे किनारे, मधे फक्त डोंगराचं नाक. मांडवीला मुंबईहून येणाऱ्या बोटी लागायच्या. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर यायची. आता त्या धक्क्यावर संध्याकाळी भेळ खातात.

घरातून समुद्र दिसेल का?

बहुतेक नाही. आणि दिसावा असा हट्ट धरू नका. समुद्राच्या अगदी तोंडावरच्या घराला खारं वारं खातं. खिडकीचे गज, गेट, फ्रिजचे पाय, एसीचं बाहेरचं युनिट, मोटारसायकलचा सायलेन्सर, सगळ्यावर तांबेरा चढतो. जुन्या लोकांनी गाव जरा आत, झाडीच्या आडोशाला वसवलं ते उगीच नाही. दहा-पंधरा मिनिटं चालून समुद्र गाठता येतो, तेवढं पुरतं. मला तर वाटतं, जे निव्वळ समुद्रासाठी येतात ते दोन वर्षांत कंटाळतात. किनाऱ्यावर रोज जाऊन जाऊन माणूस किती जाणार? ज्यांना आळीतली सावली, दुपारची सामसूम आणि चालत होणारी कामं आवडतात ते टिकतात.

पावसाचं काय? आम्हाला पाऊस आवडतो.

हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, तेही वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावातल्या माणसांकडून. रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरच्या पुढं पडतो, आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्याकडं पाऊस म्हणजे ढग भरून येणार, तासभर कोसळणार, मातीचा वास येणार, आपण भज्यांची तयारी करणार. खरा जोर तोही सप्टेंबरात. तिथं जुलैत तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही आणि भजी तळायचा उत्साह दुसऱ्याच आठवड्यात संपतो.

कपडे वाळत नाहीत. घरभर दोऱ्या बांधून पंख्याखाली सुकवावे लागतात, तरी एक कुबट वास राहतो. चामड्याच्या चपलेवर, पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी चढते. मीठ बरणीत पाणी सोडतं. काडेपेटी ओढत बसावं लागतं. कपाटातल्या सोलापुरी चादरी, ज्यांचा आपल्याला इतका अभिमान, त्या ओल धरतात आणि ऑगस्टपर्यंत त्यांना असा वास लागतो की पाहुण्यांना द्यायची लाज वाटावी. त्या ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस घालाव्या लागतात. थंडीही फारशी पडत नाही, तेव्हा दोन चादरी न्या, आठ नेऊ नका.

वीज जाते. वाऱ्यानं फांदी तारेवर पडली की गेली, आणि वायरमन बिचारा भर पावसात कुठं कुठं जाणार? इन्व्हर्टर पहिल्या दिवशी घ्या.

एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगतो की पावसाळ्यातलं रत्नागिरी हेच खरं रत्नागिरी. गडग्यावर शेवाळ आणि नेचे उगवतात, कौलांवरून पागोळ्या अखंड गळत असतात, आणि आपल्यासारख्या रखरखीत गावच्या माणसाचे डोळे निवतात. दम्याचा किंवा संधिवाताचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा विचार करू नये.

मग घर विकत घ्यावं की भाड्यानं?

पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढायचा. याला अपवाद नाही. डिसेंबरात घर बघायला येणारा प्रत्येक माणूस प्रेमात पडतो, कारण डिसेंबरात गळकं घरही गळत नाही. मे महिन्यात भाड्यानं घ्या, सप्टेंबरअखेर राहा, आणि मग ठरवा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच करा. महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे, ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणारा मालक कितीही गोड असला तरी.

जुन्या भागातली घरं वेबसाइटवर फारशी सापडत नाहीत. वाण्याला, रिक्षावाल्याला, देवळाच्या पुजाऱ्याला विचारावं लागतं. मालक बरेचदा मुंबईत असतो. तो एखादी खोली, बहुतेक देवघराची, कुलपात ठेवतो आणि ‘गणपतीत आम्ही येणार’ अशी अट घालतो. ही अट मानायची तयारी ठेवा. कोकणातला माणूस गणपतीला आपल्या घरात येणार म्हणजे येणारच. त्या दिवसांत तुम्ही सोलापूरला जाऊन या, किंवा त्यांच्यातच मिसळून उकडीचे मोदक खा. मी दुसरा मार्ग सुचवीन.

जुनं चिऱ्याचं, कौलारू घर घ्यायचं मनात आहे. त्याला काय लागतं?

पैसा लागतो, आणि त्याहून जास्त माणसं. चिरा म्हणजे जांभा दगडाचा घडवलेला ठोकळा. सच्छिद्र असतो, उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, पण पावसात पाणी पितो. पश्चिमेची भिंत झडीनं ओली होते, म्हणून जुने लोक त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप लावत. आता निळं प्लास्टिक किंवा पत्रा लावतात. दिसायला वाईट, पण भिंत वाचते.

दरवर्षी मे महिन्यात शाकारणी. माणूस छपरावर चढतो, कौलं एकेक करून काढतो, पालापाचोळा झाडतो, फुटकी बाजूला टाकतो, रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, वाळवीनं खाल्ल्यात का ते बोटानं दाबून बघतो आणि कौलं पुन्हा एकावर एक बसवत जातो. हे काम जाणणारी माणसं कमी होत चाललीत आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या गावाला तीच हवी असतात. त्यामुळं नारळी पौर्णिमेपासूनच त्यांच्याशी चांगले संबंध ठेवावेत. माकडं हा आणखी एक भाग. एक टोळी छपरावरून गेली की पंचवीस कौलं सरकलीच समजा. बरेच लोक वैतागून वर पत्रे घालतात. घर वाचतं, पण पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही.

वाळवीसाठी लाकूडकामाची पाहणी घेण्याआधीच करून घ्या. तुळईवर हातोडीनं हलकं ठोकायचं. भरीव लाकूड टणटणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. एवढं तरी स्वतः करा, मग सुताराला बोलवा.

कागदपत्रांत काय बघायचं?

जुना भाग नगर भूमापनाखाली येतो, त्यामुळं तिथं सातबाऱ्यापेक्षा मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, महत्त्वाचं. ते हातात घेतल्यावर घाबरू नका. एका घराला अनेक नावं असू शकतात. आजोबा, त्यांचे भाऊ, त्या भावांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. कुणी मुंबईला, कुणी अमेरिकेत, कुणी वारलेलं पण नावावर अजून जिवंत. राहता मालक ‘सगळे माझ्या शब्दात आहेत’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, पण त्याचा शब्द दुय्यम निबंधकाकडं चालत नाही. प्रत्येक हिस्सेदाराची सही किंवा नोंदवलेलं मुखत्यारपत्र असल्याशिवाय बयाणा देऊ नका. स्थानिक वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढा, सोलापूरच्या नाही. तिथल्या घराण्यांचे वाद तिथल्याच वकिलाला तोंडपाठ असतात.

घर किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, नियम लागू होतो का, हे नगरपरिषदेत लेखी विचारा. दुरुस्ती करता येते म्हणून मजला चढवता येईल असं धरून चालू नका.

आंब्याची बाग घ्यायचीय, असंही बरेच जण विचारतात. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मोहोळकडं, बार्शीकडं तुमच्या नावावर सातबारा असेल तर तो पुरावा चालतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात कुळाची किंवा खाजगी वनाची नोंद आहे का, तेवढं आधी वाचा. नोंद असली तर हात जोडून परत या. आणि हापूसची बाग म्हणजे फवारणी, राखण, मोहोरावर पडणारा तुडतुडा, ऐन वेळचा अवकाळी पाऊस. निवृत्तीतला विरंगुळा म्हणून हे करू नये.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वहिनींना आधी विचारा.

पाणी तरी रोज येतं का?

सोलापूरकराचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि योग्यच आहे. उजनी धरण उशाला असून नळाला काही दिवसांआड पाणी, हे आपण वर्षानुवर्षं सोसलंय. शहराला शीळ धरणाचं पाणी आहे आणि आपल्यापेक्षा परिस्थिती बरी आहे. पण कोकण म्हणजे मुबलक पाणी हा गैरसमज. जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळपठारं, पाणी धरून ठेवत नाहीत, पडलेला पाऊस दोन दिवसांत समुद्राला मिळतो, आणि मे महिन्यात शहरात कपात, आसपासच्या वाड्यांत टँकर, असं चित्र दिसतं. घराला विहीर असेल तर ती मे महिन्यात डोकावून बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं का, तेही चाखून बघा.

खायचं काय? आम्हाला भाकरी लागते.

ज्वारी मिळते, पण ती घाटावरून आलेली आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या तोडीची नाही. गावाकडून आणायची तर धान्य आणा, पीठ नको. पावसाळ्यात पीठ सांदळतं, वास येतो, भाकरीला विरी राहत नाही. आणि कडक भाकरी! सोलापुरात कापडात बांधून महिनाभर राहणारी ती चवड जुलैत तिथं नेली की दुसऱ्या दिवशी हातात घेतल्यावर वाकते. मोडायची ती वाकते. हा धक्का पचवायला आमच्या घरात वेळ लागला. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, त्यात तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवली तर थोडी टिकते. शेंगा चटणीचं तसं नाही, ती कुठंही टिकते. फक्त ओला चमचा घालू नका.

तिथलं खाणं भाताभोवती फिरतं. उकडा तांदूळ, कुळथाचं पिठलं, घावणे, आंबोळ्या, फणसाची भाजी, सोलकढी. तिखट कमी, नारळ फार. आपली जीभ महिनाभर कुरकुर करते. मग एके दिवशी सोलापूरला येऊन आमटी खाल्ल्यावर घाम फुटतो तेव्हा कळतं, जीभ बदललीय.

मासे खाणाऱ्यांना सांगायला नको. मिरकरवाड्याला बोटी आल्या की बांगडा, सुरमई, सौंदाळा डोळ्यांदेखत टोपलीत पडतो. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दिवसांत सुकी मासळी किंवा खाडीतलं काय मिळेल ते. शाकाहारी घरांनी काळजी करू नये. रत्नागिरीत शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा तितकीच जुनी आहे. सुकत घातलेल्या मासळीचा वास सहन होत नसेल तर बंदरालगत घर घेऊ नका, टिळक आळी-झाडगावाकडं बघा.

माणसं कशी आहेत? आम्हाला सामावून घेतील का?

हळूहळू. आपण चार भाषांच्या गावातली माणसं. शेजारी तेलुगू, समोर कन्नड, कोपऱ्यावर उर्दू. ओळख नसतानाही ‘काय बे, जेवला का’ विचारणारे. तिथं त्या ‘बे’ला लोक दचकतात, तेवढं जपा. रत्नागिरीकर पहिल्या भेटीत मोजकं बोलतो, खोचक बोलतो, घरात बोलवायला वेळ घेतो. पण एकदा ‘आमचे सोलापूरचे काका’ झालात की फणस, आंबे, नारळ दारात येऊन पडतात आणि ते परत करायची सोय नसते. त्याची परतफेड शेंगा चटणीनं करावी. ही चटणी तिथं कुठल्याही ओळखपत्रापेक्षा जास्त चालते.

शिमग्याला घरी राहा. बारा वाड्यांचं ग्रामदैवत असलेल्या भैरीची पालखी त्या दिवसांत निघते आणि गाव रात्र रात्र जागतं. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाल्यावर जी माणसं रस्त्यात अनवाणी उभी राहतात, त्यांना तिथं काही समजावून सांगावं लागत नाही.

बाजार दुपारी एक ते चार झोपतो, रात्रीही लवकर मिटतो. अकरा वाजता बाहेर पडून काहीतरी चमचमीत खायची सवय असेल तर ती मोडेल. ज्यांच्या तब्येतीला ते बरं, त्यांच्या मनाला ते बरं असतंच असं नाही.

दवाखान्याची सोय?

इथं सोलापूरचं पारडं जड आहे, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडं धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. विशेषज्ञ हाकेच्या अंतरावर. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने आहेत, अलीकडं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. तरी मोठं काही निघालं की लोक कोल्हापूर, मिरज किंवा मुंबई गाठतात. घरात हृदयविकाराचा, डायलिसिसचा रुग्ण असेल आणि रात्री पावसात आंबा घाट ओलांडायची वेळ येऊ शकते हे चित्र डोळ्यांसमोर आणल्यावरही जावंसं वाटत असेल, तरच जा.

मुलांच्या शाळेचं?

उत्तम. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, जुन्या भागातल्या मराठी शाळा नाव राखून आहेत आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासूनचं आहे. पदवीच्या मधल्या वर्षात असलेल्या मुलाला मात्र हलवू नका. सोलापूरचं विद्यापीठ वेगळं, रत्नागिरीची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पात्रता प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत एक सत्र सहज जातं.

पोटापाण्याचं काय?

नोकरी शोधायला रत्नागिरीला जाऊ नये. तिथलीच तरुण मुलं मुंबईला जातात. मासेमारी, आंबा-काजू प्रक्रिया, सरकारी कचेऱ्या, मिरजोळ्याची एमआयडीसी, जयगडचं बंदर आणि वीजप्रकल्प, एवढंच क्षितिज. खलाशी तर नेपाळहूनही येतात. पेन्शन असणाऱ्यानं, किंवा घरबसल्या काम असणाऱ्यानं जावं. इंटरनेट जुन्या भागात चांगलं चालतं, वीज असेपर्यंत. सोलापूरच्या चादरी-टॉवेलचं दुकान टाकावं का, असं एका मेहुण्यानं विचारलं होतं. टॉवेल चालतील, बाबा.

येण्याजाण्याचं कसं?

अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, गाडीनं सात-आठ तास धरा. थेट रेल्वे नाही. रेल्वेनं मिरज-कोल्हापूर आणि पुढं आंबा घाटातून एसटी, हा म्हाताऱ्या माणसांना झेपणारा मार्ग. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाची चर्चा ऐकून घर घेऊ नका. जुलैत घाटात दरड कोसळून रस्ता बंद होऊ शकतो, त्या महिन्यात लग्नाचं आमंत्रण स्वीकारताना ‘घाट चालू असला तर’ म्हणायची सवय लावा. मुंबईकडं मात्र मजा आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाल्यापासून गाड्यांना तोटा नाही. गाडीचा एमएच १३ तसाच राहू द्या, राज्य एकच आहे, फक्त पत्ता बदलून घ्या. त्या नंबरवरून तिथं सोलापूरकर सोलापूरकराला ओळखतो.

वादळ, साप वगैरे?

२०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन्ही चक्रीवादळांनी कोकण किनारा हलवून सोडला. घराशेजारी वाकलेला माड असेल तर मालकाला सांगून मे महिन्याआधी उतरवून घ्या. साप दिसतात. फुरसं लहान असतं, दगडाखाली, पाचोळ्यात बसतं आणि विषारी असतं. गडग्यात हात घालायचा नाही, रात्री अंगणात विजेरीशिवाय जायचं नाही, चावलं तर सरळ सरकारी रुग्णालय. समुद्रात पोहायचं झालं तर स्थानिक माणूस पाण्यात असेल तिथंच. भाट्याला पाणी शांत दिसतं, पण तिथं खाडीचा ओढा आहे.

सोलापूरचं घर विकून टाकावं का?

दोन पावसाळे होईपर्यंत नाही. भाड्यानं द्या, एक खोली स्वतःकडं ठेवा. जानेवारीत गड्डा असतो, हुरडा असतो, हवा कोरडी असते. त्या महिन्यात रत्नागिरीतले बरेच सोलापूरकर सोलापुरातच सापडतात.

सामान कधी आणि कसं हलवावं?

मे महिन्यात चाचणीसाठी जाताना गाद्या, भांडी, गॅस आणि कपडे एवढंच. लाकडी पलंग, पुस्तकं, लोखंडी कपाटं दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. प्लायवूडचं फर्निचर नेऊच नका, पहिल्याच पावसात फुगतं. सागवानी असेल तर तेवढं न्या. लोखंडी कपाटाला निघण्याआधी सोलापुरातच रंग मारून घ्या, खालच्या बाजूनंही. मोठा कंटेनर जुन्या भागातल्या आळीत वळत नाही. तो मारुती मंदिराकडं कुठंतरी रुंद जागी उभा करायचा आणि तिथून छोट्या टेम्पोनं दोन-तीन खेपा करायच्या. त्या टेम्पोचं आणि हमालांचं भाडं ट्रान्सपोर्टवाल्याशी सोलापुरातच ठरवून कागदावर घ्या; तिथं पोचल्यावर ठरवायला गेलात तर जो आकडा सांगतील तो द्यावा लागतो.